आमच्या बर्फावर उतरलेले पेलिकन

मी आयुष्यात पुष्कळ जणांवर जळलो आहे. शेजाऱ्यांच्या रंगीत टीव्हीवर, वर्गातल्या एका मुलाच्या सोनेरी भुवयांवर, पुढे बायकोच्या बॉसवर आणि अलीकडे जावयाच्या न दुखणाऱ्या गुडघ्यांवर. या विषयात मला चांगली गती आहे आणि साठी जवळ आली तरी ती मंदावलेली नाही. पण गवयाला जशी आपली पहिली मैफल आठवते, तसा मला माझा पहिला मोठा मत्सर आठवतो. तो मी अकराव्या वर्षी केला, सिडनीच्या पश्चिमेला, ब्लॅकटाउनच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, पायात स्केट्स घालून. ही हकीकत मी आजवर शंभर पार्ट्यांत सांगितली असेल. लोक हसतात, मी वाकून मुजरा करतो. मात्र पार्टीत सांगताना मी शेवट थोडा माझ्या बाजूला वाकवतो. इथे वाकवणार नाही, कारण आई अजून वाचते, आणि चष्मा लावून वाचते.

आमचं घर जवळच्याच टूनगॅबीत. पातळ भिंती, पत्र्याचं छप्पर, मागे लांबच लांब अंगण आणि त्यात एक लिंबाचं झाड, ज्याच्यावर आईचा फार जीव. बाबा ठाण्याचे, रेफ्रिजरेशन इंजिनिअर. आठवडाभर ते एका मांस साठवण्याच्या गोदामात नोकरी करायचे आणि शनिवारी ब्लॅकटाउनच्या आइस रिंकचं यंत्र सांभाळायचे. रिंकच्या मागे एक खोली होती, तिच्यात दोन अजस्र कॉम्प्रेसर अखंड घुमत असायचे, आणि त्यांच्यामध्ये निळ्या डगल्यातले बाबा, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. इतर मुलांचे वडील ऑफिसात जायचे. माझे वडील बर्फ बनवायचे. बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं असायचं आणि आत बाबांनी गोठवलेलं ते पांढरं शुभ्र मैदान. मला वाटायचं, हे सगळं आमच्या मालकीचं आहे, लोकांना आम्ही फक्त वापरायला देतो.

अशा घराण्यातला मुलगा आइस हॉकी खेळणारच. मला वळता येत नसे, वेगात जाता येत नसे, पण एका जागी उभं राहायला मात्र फार छान जमायचं. म्हणून मला गोलकीपर केलं. पक म्हणजे रबराची जाड चकती. ती कडेच्या फळ्यांवर आपटली की धप्प आवाज व्हायचा, माझ्या पॅडवर आपटली की मऊसा ठप्प, आणि जाळीत गेली की काहीच आवाज व्हायचा नाही. हा शेवटचा आवाज मी खूप ऐकला. आमच्या ज्युनियर संघाला नावही नव्हतं. मुलं नऊ, हेल्मेटं सात. सुधीर या माझ्या नावाचं त्यांनी ‘सड्स’ करून टाकलं होतं. तरी गोल माझा होता, बर्फ माझ्या बाबांचा होता आणि घरी गेल्यावर गरम वरण-भात आणि आई, दोन्ही पूर्णपणे माझी होती. मी एकुलता एक. माझं साम्राज्य लहान होतं, पण त्यात वाटेकरी नव्हता.

मग पेलिकन्स आले. समुद्राकाठच्या एका उपनगरातलं जुनं रिंक मालकानं विकलं. तिथे फ्लॅट उभे राहणार होते. तिथल्या ज्युनियर संघाला खेळायला बर्फच उरला नाही. तेव्हा एका रविवारी सकाळी फर्निचर वाहणाऱ्या ट्रकमधून अख्खा संघ आमच्या रिंकच्या दारात उतरला: गोलचे दोन लोखंडी सांगाडे, काचेचं ट्रॉफ्यांचं कपाट, बेंबीपर्यंत दाढी असलेला कोच नॉर्म, चौदा मुलं, आणि प्रत्येकाच्या निळ्या जर्सीवर तो भल्यामोठ्या चोचीचा पक्षी. ट्रॉफ्यांचं कपाट आमच्या चिप्सच्या काउंटरशेजारी ठेवलं गेलं, तेव्हाच मी पहिल्यांदा त्यातल्या ट्रॉफ्या मोजल्या. आमच्याकडे ट्रॉफी सोडा, ती ठेवायला फळीही नव्हती. दोन संघांचा एक करायचं ठरलं. नाव त्यांचंच राहिलं, कारण जर्सी छापलेल्या होत्या. ब्लॅकटाउनपासून समुद्र तासाभराच्या अंतरावर. आमच्या भागातले लोक त्या पक्ष्याला शेवटपर्यंत बदक समजत राहिले. (पुढे ऐंशीच्या दशकात हा संघ आणखी एकदा हलला, मग विरला. परवा कुणीतरी मला त्यांचा एक फोटो पाठवला. मी सर्वांत आधी बघितलं ते हे, की मी पहिल्या रांगेत आहे की दुसऱ्या.)

अडचण अशी, की चांगल्या वेळा आधीच फिगर स्केटिंगवाल्या मुलींनी घेतलेल्या होत्या. हॉकीला मिळाली शनिवारी पहाटे साडेपाचची वेळ. समुद्राकाठची मुलं एवढ्या लवकर कशी पोचणार? म्हणून नॉर्मनं चिठ्ठ्या वाटल्या: ब्लॅकटाउनच्या प्रत्येक कुटुंबानं शुक्रवारी संध्याकाळी एक मूल आपल्या घरी मुक्कामाला ठेवावं. चिठ्ठी आईला वाचून दाखवणं हे माझं काम. आई ठाण्याची बी.ए., इंग्रजी पेपर वाचायची, पण इथल्या लोकांचं नाकातलं बोलणं तिच्या कानात शिरत नसे आणि तिचं पुस्तकी इंग्रजी त्यांच्या. दोनचार वेळा दुकानात फजिती झाली, तेव्हापासून तिनं बोलणंच सोडलं. दुकान असो, डॉक्टर असो, फोन असो, ती मराठीत सांगायची आणि मी पुढे पोचवायचो. ऑस्ट्रेलिया आणि आई यांच्यामधला एकमेव दरवाजा म्हणजे मी.

“मुलगा की मुलगी, असं विचारलंय,” मी म्हणालो.

आईनं पोळी उलटली. “मुलगी मिळेल?”

मी मनात झटपट विचार केला. मुलगा आला तर माझी खोली, माझी सायकल, सगळ्यात वाटा. मुलीपासून काय भीती? मुली कुठे गोलकीपर असतात? मी स्वतः, माझ्या हातानं, माझ्या पेनानं, ‘मुलगी’वर खूण केली. आजही मला तो कागद मिळाला तर मी तो गिळून टाकीन.

शुक्रवारी एक टॅक्सी येऊन थांबली. चालवणारी बाई म्हणजे केरीची आई, शेरिल. ती टॅक्सीच चालवायची आणि तिला लगेच पुढचं भाडं होतं, त्यामुळे हात हलवून ती गेलीसुद्धा. मागे उरली केरी: बारा वर्षांची, माझ्यापेक्षा वीतभर उंच, तांबड्या केसांचा कमरेपर्यंत भारा, आणि दोन्ही खांद्यांवर दोन प्रचंड गोलकीपरचे पॅड.

“जी'डे,” ती म्हणाली. “तू सड्स ना? तू गोलमध्ये असतोस म्हणे. मीपण.”

आई दारात उभी. तिनं पॅडकडे बघितलंच नाही. ती बघत होती केसांकडे. “अरे देवा,” ती म्हणाली, “केवढे हे केस! आणि किती कोरडे! या पोरीला कुणी तेल लावत नाही का रे?”

इथून माझ्या साम्राज्याची पडझड सुरू झाली. जेवायला थालीपीठ होतं. त्या काळी जवळच्या हॅरिस पार्कमध्ये आजच्यासारखी मिठाईची आणि किराण्याची दुकानं नव्हती, नुसती भाड्याची घरं. (आज तिथे चालताना जिलेबी चुकवत चालावं लागतं.) आई भाजणीचं धान्य दहा ठिकाणांहून जमवून, भाजून, शेजारच्या इटालियन म्हाताऱ्याच्या चक्कीवर दळून आणायची. एवढे कष्ट करून केलेलं थालीपीठ बघून मी रोज नाक मुरडायचो आणि मासळीच्या तयार कांड्या मागायचो. केरीनं पहिलं थालीपीठ दोन मिनिटांत संपवलं, तिखटानं डोळ्यांतून पाणी काढत दुसरं संपवलं आणि ताटलीतलं लोणी बोटानं पुसून चाटलं. आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी माझी बक्षिसं, माझे मार्क, माझा पडलेला दात, कशालाही उमटलेलं पाहिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर आईनं खोबरेल तेलाची बाटली काढली. थंडीत ते गोठून पांढरं व्हायचं, म्हणून ती बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी केली. मग ती खुर्चीवर बसली आणि तिनं समोरच्या जमिनीकडे बोट दाखवलं. “सांग तिला, बस म्हणावं.” मी सांगितलं. केरी बसली, आईच्या गुडघ्यांना पाठ टेकून. आईनं तेल चोळलं, गुंता सोडवला, फणीनं मधोमध भांग पाडला आणि दोन घट्ट वेण्या घालून लाल रिबिनीनं वर बांधून टाकल्या, ठाण्याच्या शाळेतल्या मुलींसारख्या. अर्धा तास. त्या अर्ध्या तासात दोघी एक शब्दही बोलल्या नाहीत. आई गुणगुणत होती आणि केरीचे डोळे मिटले होते. मी दाराशी उभा. दोघींपैकी कुणालाही माझ्याकडून काही पोचवून हवं नव्हतं. माझे केस बाबा महिन्यातून एकदा मशीननं कापायचे, तीन मिनिटांत.

दुसऱ्या दिवशी पहाटे नॉर्मनं दोघांनाही गोलमध्ये आळीपाळीनं उभं केलं. केरी मांजरासारखी होती. पक कुठे येणार हे तिला पकच्या आधी कळायचं. बाकी गोलकीपरांचे केस मास्कमधून डोळ्यांवर यायचे. हिच्या वेण्या आईनं अशा बांधल्या होत्या की भूकंप झाला तरी हलल्या नसत्या. त्या शनिवारचा सामना आम्ही जिंकलो. पुढचाही. मग पोरांनी प्रथाच पाडली: बर्फावर उतरण्यापूर्वी रांगेनं प्रत्येकानं केरीच्या वेणीला हात लावायचा. एकवीस पेलिकन माझ्या आईनं घातलेल्या वेणीला हात लावून पुढे जायचे, आणि मी, त्या आईचा सख्खा मुलगा, बाकावर टॉवेल धरून. कुणी म्हणालं, “तुझी मम जादूगार आहे, मेट!” मला वाटलं, स्टिक त्याच्या पायात घालावी.

त्या हिवाळ्यात मी जळण्याचे सगळे राग आळवले. केरीच्या बुटांत लिंबाच्या बिया टाकल्या. तिच्यासाठी ठेवलेलं तिसरं थालीपीठ नाक मुरडत खाल्लं, आणि आवडलं म्हणून आणखीच चिडलो. आईनं तिला ‘केरीबाय’ म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी दोन दिवस आईशी फक्त इंग्रजीत बोललो. आईच्या ते लक्षातही आलं नाही.

आणि मग मला आठवलं, की दरवाजा मी आहे.

दर गुरुवारी संध्याकाळी शेरिलचा फोन यायचा, उद्या किती वाजता पोचते ते सांगायला. फोन मीच घ्यायचो. उपांत्य सामन्याला तीन आठवडे राहिले होते. शेरिल म्हणाली, “साडेपाचला सोडते, लव्ह. तुझ्या ममला थँक्यू सांग.” मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, “आई, केरीची आई म्हणतेय, केसांना तेल लावू नका. वास येतो. शाळेत मुलं नाक दाबतात.”

आई पालक निवडत होती. तिचे हात थांबले. “असं म्हणाली?”

“हो.”

“किती दिवस सांगायचं असेल बिचारीला,” आई म्हणाली आणि पुन्हा पालक निवडायला लागली. तिची मान नेहमीपेक्षा खाली होती. रात्री मी पाहिलं, ती न्हाणीघरात आपल्याच पदराचा वास घेत होती. मला वाईट वाटलं. पण खरं सांगतो, त्याहून जास्त गुदगुल्या झाल्या.

शुक्रवारी जेवण झालं आणि केरी आपणहून, सवयीनं, खुर्चीसमोर जमिनीवर जाऊन बसली. आईनं फणी तिच्या हातात दिली. “सांग तिला, आजपासून नको. तिच्या आईला चालत नाही म्हणून. माझ्या मनात काही नाही म्हणावं.” एवढं बोलून ती बाटली उचलून भराभरा आत निघून गेली. खोलीत आम्ही दोघंच.

“काय म्हणाली?” केरीनं विचारलं.

“म्हणाली, कंटाळा आला तिला. तू काही लहान नाहीस, तुझं तू कर.”

केरीनं मान वळवली नाही. ती तशीच बसून राहिली, रिकाम्या खुर्चीला पाठ टेकून. “माझं काही चुकलं का, विचार ना तिला.”

मी स्वयंपाकघरात गेलो, आईसमोर पाणी प्यायलो आणि परत आलो. “काही नाही म्हणाली.”

पुढच्या शुक्रवारी केरी आमच्याकडे आली नाही. नॉर्मच्या घरी राहिली. आईनं तिच्या वाटणीचं थालीपीठ केलं होतं, ते कुणीच खाल्लं नाही. शनिवारी केरीनं रबरबँडनं केस कसेबसे बांधले होते. दहा मिनिटांत ते मास्कमधून डोळ्यांवर आले आणि ओळीनं तीन पक आत गेले. त्याच्या पुढच्या शनिवारी पाच गेले. केसांपेक्षा जास्त काहीतरी सुटलं होतं, हे मला कळत होतं. नॉर्मनं दाढी ओढली आणि जाहीर केलं: उपांत्य सामन्यात गोलमध्ये सड्स.

मी घरी उड्या मारत गेलो. आई म्हणाली, “मग मी येते बघायला.” ती आजवर कधीच आली नव्हती. मला आणखी काय हवं होतं? गोल माझा, बघायला आई.

आई आली ती नायलॉनच्या साडीवर बाबांचा ओव्हरकोट आणि चपलांमध्ये पायमोजे घालून, हातात संघासाठी थालीपिठांचा भलामोठा डबा. ती माझ्या गोलच्या बरोबर मागे, जाळीपलीकडे बसली. समोरचा संघ कॅनबेराहून आलेला, दांडगट. आणि मंडळी, मी त्या दिवशी खेळलो! पॅडवर, दांड्यावर, एकदा तर चक्क नाकावर पक अडवला. तीनपैकी दोन भाग संपले तेव्हा दोन-दोन बरोबरी होती. मी मागे वळून आईकडे बघितलं, कौतुक गोळा करायला.

आई जागेवर नव्हती. ती पायऱ्या उतरून पलीकडच्या बाजूला निघाली होती, जिथे शेरिल सिगारेट ओढत उभी होती. दोघी आजवर समोरासमोर भेटल्याच नव्हत्या. जे काही झालं ते माझ्यामार्फत. मला वाटलं, आईचं इंग्रजी तिथवर पोचणार नाही. तिसरा भाग सुरू झाला. गोलकीपरला पळता येत नाही हो. सगळ्या जगात मी एकटा असा, ज्याला चार फूट उंच सांगाड्यासमोर उभंच राहायचं होतं. ऐकू काही येत नव्हतं, फक्त दिसत होतं. आईनं हात जोडले. मग स्वतःच्या केसांना हात लावला, मग नाकाला. मग मान खाली घातली. माफी मागत होती ती, माझ्या थापेबद्दल. शेरिलनं डोकं हलवलं. नाही, नाही. तिनं केरीकडे बोट दाखवलं, हात पसरून काहीतरी विचारलं. आईनं डोकं हलवलं. नाही, नाही. मग दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं.

पक कधी आला मला माहीत नाही. जाळीत गेला तेव्हा काहीच आवाज झाला नाही.

आम्ही तीन-दोननं हरलो. पोरं बाकांवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. केरी कोपऱ्यातल्या बाकावर होती, केस चेहऱ्यावर. आई तिच्यासमोर येऊन उभी राहिली, मागे शेरिल.

“सुध्या, इकडे ये. भाषांतर करायचंय.”

मी गेलो. पॅडमुळे मला धड चालताही येत नव्हतं.

“सांग हिला, हिची आई तेलाबद्दल काही बोलली नव्हती. आणि मलाही कंटाळा आला नव्हता.”

मी घसा साफ केला. “मम सेज, देअर वॉज अ बिट ऑफ अ मिक्स-अप.”

“मिक्स-अप नाही,” आई म्हणाली. “नीट सांग.”

हळू आणि स्पष्ट बोललेलं तिला सगळं कळत होतं तर. ती डबा दोन्ही हातांत धरून उभी होती.

“शी सेज... आय लाइड,” मी म्हणालो. “तुला आणि तिला, दोघींना.”

“का, तेही सांग,” आई म्हणाली.

“व्हाय?” केरी म्हणाली. दोघींचे प्रश्न एकमेकींवर आपटले. पहिल्यांदाच असं झालं होतं, की उत्तर मला कुणाचं पोचवायचं नव्हतं, माझंच द्यायचं होतं. सगळे पेलिकन ऐकत होते. माझ्या नाकातून वाहत होतं ते थंडीमुळे, असं मी पार्ट्यांमध्ये सांगतो.

“तू माझा गोल घेतलास,” मी म्हणालो. “आणि माझी आईपण.”

केरीनं चेहऱ्यावरचे केस बाजूला केले. तिनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे, एखादा सौदा पारखावा तसं. नाडीची गाठ सुटत नव्हती ती तिनं दातानं ओढून सोडवली.

“यू कॅन हॅव द गोल,” ती म्हणाली.

शेरिल खो-खो हसत सुटली. आई हसली नाही.

“काय म्हणाली ती?” तिनं विचारलं. तिला कळलं होतं, माझी खात्री आहे. तरी तिनं विचारलं आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

“गोल तू ठेव, म्हणतेय.”

आईनं डबा बाकावर ठेवला, ती ओव्हरकोट सावरत केरीच्या शेजारी जागा करून बसली आणि तिनं माझ्याकडे वर बघितलं.

“मग घे की,” ती म्हणाली.